मार्सेलस शेलची बस-सहल: दगडाला पाच तारे, पाण्याला दोन

मार्सेलस शेल म्हणजे पेनसिल्व्हेनियातला काळा, कपच्यांचा गाळाचा खडक, ज्यातून नैसर्गिक गॅस काढतात. तो दाखवायची ही एका दिवसाची सहल. आधी हिशेब. माणशी 95 डॉलर, साठीच्या पुढच्यांना 10 डॉलर कमी. बस सकाळी साडेसातला स्टेट कॉलेज नावाच्या गावाहून सुटते आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला परत आणून सोडते. चोवीस जणांची बस, आम्ही सतरा होतो. जेवण त्यातच धरलेलं. दगड पाहायचा असेल तर पैसे वसूल. पाण्याबद्दल विचारायचं असेल तर निम्मेच वसूल. शाकाहारी असाल तर घरून डबा न्या. सगळं धरून माझे पाचपैकी साडेतीन तारे. सहल चालवणाऱ्यांचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर करणार आहे आणि माणसं मनाने चांगली होती. पेनसिल्व्हेनियात मुलाकडे आलेल्या आणि मॉल फिरून कंटाळलेल्या आईबाबांसाठी हे लिहितोय.

मी कोण, तेही सांगायला हवं, नाहीतर माझे तारे कशावरून हे कळायचं नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत एकतीस वर्षं काढली. माण, खटाव, सांगोला, आटपाडी अशा तालुक्यांत बोअरच्या जागा दाखवल्या. वर मुरूम, खाली मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा मऊ खडक, त्याखाली काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, मध्ये कुठे लाल बोलाचा, म्हणजे भाजलेल्या लाल मातीचा पट्टा, पुन्हा मांजऱ्या. आयुष्यभर हाच एक खडक उलटासुलटा वाचला. गाळाचा खडक कॉलेजच्या सहलीत पाहिला तेवढाच. मुलगा इथे नोकरीला. वाढदिवसाला त्याने हे तिकीट हातात ठेवलं आणि म्हणाला, “बाबा, तुम्हाला देवळं दाखवून झाली, आता दगड बघून या.” आमच्या हिने गुडघ्याचं कारण पुढे केलं. खरं कारण तिला ठाऊक.

बस 220 नंबरच्या रस्त्याने ईशान्येला निघते. डावीकडे अ‍ॅलेगेनी फ्रंट, म्हणजे पठाराची कड, लांबच लांब भिंतीसारखी. उजवीकडे वळ्या पडलेले डोंगर, एकामागे एक, गोधडीच्या चुण्यांसारखे. या सहलीची किल्ली इथेच आहे आणि गाईडबाईंनी ती पहिल्या वीस मिनिटांत हातात दिली. डावीकडच्या पठाराखाली मार्सेलसचा थर बऱ्यापैकी सपाट पडलेला आहे, साधारण 5,000 ते 8,000 फूट खोल. उजवीकडे तोच थर वळ्यांबरोबर उचलला जाऊन जमिनीवर उघडा पडलाय. त्यामुळे गॅस काढतात डावीकडे आणि दगड बघायचा उजवीकडे. आपल्याकडे थर आडवे असल्यामुळे घाट चढला की खडक वाचता येतो. इथे खडक स्वतःच वाकून वर आलाय.

गाईडबाई सत्तरीच्या. गॅसच्या विहिरींवर कोअर (भोकातून काढलेला खडकाचा दांडा) आणि चुरा तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. म्हणजे माझ्यासारख्याच, फक्त भोक जास्त खोल. आवाज खणखणीत, हातात हातोडा, कमरेला पातळ आम्लाची बाटली. पहिल्या पाच मिनिटांत मला त्या आवडल्या. मी ‘हार्ड रॉक’वाला आहे हे कळल्यावर म्हणाल्या, “मग आज तुम्हाला मऊ दगडाची सवय करावी लागेल.”

विल्यम्सपोर्टच्या दक्षिणेकडच्या एका दरीत बस थांबते. हा सहलीचा पहिला आणि सगळ्यांत चांगला थांबा. ती खाण म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. शेताच्या रस्त्यावर टाकायला आपण जसा मुरूम काढतो तशी इथली गावं ही शेल काढतात. चाळीसेक फूट उंचीचा उभा कापलेला कडा, खाली चपट्या कपच्यांचा ढीग. पायाखाली कौलं फुटावीत तसा आवाज. उन्हापावसाने उघडलेला भाग राखाडी-तपकिरी झालेला, पण हातोड्याने ताजा तुकडा सोडवला की आत अगदी काळा. काळा म्हणजे आपल्या पाषाणासारखा निळसर काळा नव्हे. तव्याच्या बुडासारखा. फोडल्याबरोबर गंधकाचा पुसट वास येतो. भिंगातून बघितलं तर पायराइटचे, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाचे सोनेरी कण.

पाऊण तास तिथे थांबतात. मला दोन तास चालले असते. हा खडक मधल्या डेव्होनियन काळातला, साधारण 39 कोटी वर्षांपूर्वीचा. आपला दख्खनचा लाव्हा 6.6 कोटी वर्षांचा, म्हणजे याच्यापुढे कालचं पोर. तेव्हा हा सगळा मुलूख विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि इथे समुद्र होता. पूर्वेला डोंगर उभे राहत होते, त्यांच्या भाराने जमीन वाकून खोलगट द्रोण तयार झाला. द्रोणाच्या तळाशी पाणी हलेना, त्यात प्राणवायू उरला नाही. वर पोहणारे सूक्ष्म जीव मरून खाली पडत राहिले, पण तळाशी त्यांना कुजवायला, खायला कोणी नाही. चिखलात ते तसेच मुरले. पुढे डोंगरांची झीज होऊन हजारो फूट गाळ वर बसला, चिखल दबला, तापला आणि त्या जीवांचं आधी तेल, मग आणखी उष्णतेने गॅस झाला. राज्याच्या नैर्ऋत्येला थर कमी तापला, तिथे गॅसबरोबर इथेन, प्रोपेनसारखे जड वायूही मिळतात. ईशान्येला जास्त तापला, तिथे जवळजवळ कोरडा मिथेन. गाईडबाईंचं वाक्य होतं, “नैर्ऋत्येला भाजी शिजली, ईशान्येला करपली, पण करपलेलीही विकली जाते.” त्यांनी भाजीऐवजी स्ट्यू म्हटलं होतं, मी आपला अनुवाद केला.

माझ्या डोक्यात जे खरं बसलं ते पुढचं. आम्ही पाण्यावाले खडकाला एकच प्रश्न विचारतो: तुझ्यात सांधा आहे का, फट आहे का? सांधा असेल तर पाणी, नसेल तर पाचशे फूट जाऊन धूळ. तेलवाल्यांचीही जुनी रीत तशीच. एका खडकात तेल-वायू तयार होतो, तिथून निसटून दुसऱ्या सच्छिद्र खडकात साठतो, वर तिसरा घट्ट खडक झाकण घालतो. शेलमध्ये मात्र तिघांचं काम एकच खडक करतो. स्वतःच गॅस तयार करतो, स्वतःच साठवतो, स्वतःच झाकण. त्यातल्या वाटा इतक्या बारीक की त्यांचं मोजमाप नॅनोडार्सीत करावं लागतं (डार्सी म्हणजे खडकातून पाणी-वायू किती सहज वाहतो त्याचं माप, नॅनो म्हणजे त्याचा अब्जावा भाग). मी हातातला तुकडा वळवून वळवून पाहिला. सांगोल्यात असा खडक लागला असता तर सरपंचाला तोंड दाखवायची सोय उरली नसती.

आणि तरी त्या कड्यावर सांधे होते. सरळ, उभे, फूटपट्टीने मारल्यासारखे, एकमेकांना समांतर. खिशातून माझं जुनं होकायंत्र काढलं आणि दिशा घेतली: पूर्व-ईशान्य. गाईडबाई बघत होत्या. म्हणाल्या, “हे जे-वन.” दुसरा संच त्याला आडवा जातो, तो जे-टू. पेन स्टेट विद्यापीठाचे टेरी एंगेल्डर यांनी या सांध्यांवर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांच्या मते जे-वन सांधे डोंगरांच्या दाबाने नुसते तडकलेले नाहीत. खडक शिजताना आत तयार झालेल्या गॅसच्या दाबानेच ते उघडले. म्हणजे माणसाने पाणी मारून खडक फोडायच्या कोट्यवधी वर्षं आधी खडकाने तेच काम आतून करून ठेवलं होतं. म्हणूनच इथल्या आडव्या विहिरी वायव्येकडे किंवा आग्नेयेकडे झुकवून खणतात, जास्तीत जास्त जे-वन सांधे काटकोनात कापले जावेत म्हणून. मी माणमध्ये ओढ्याकाठच्या सांध्यांची दिशा घेऊन बोअरची जागा ठरवायचो, तोच हिशेब. फक्त माझी बोअर उभी जायची आणि सांधा लागला तर नशीब. यांची बोअर आडवी वळून सांधे एकामागून एक गाठत जाते.

खाणीतून निघाल्यावर बसमध्येच कोअरचा लाकडी ट्रे फिरवतात. ही कल्पना झकास आहे. खाली चुनखडक, त्यावर काळी शेल, मध्ये परत चुनखडकाची पातळ पट्टी, वर पुन्हा शेल. खालच्या काळ्या भागाला युनियन स्प्रिंग्ज म्हणतात, मधल्या चुनखडकाला चेरी व्हॅली, वरच्या शेलला ओटका क्रीक. सेंद्रिय माल सगळ्यांत जास्त खालच्या भागात, म्हणून आडवी विहीर शक्यतो तिथूनच नेतात. मार्सेलस हे नाव न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्याचं, जेम्स हॉल यांनी 1839 मध्ये दिलेलं. ट्रेमध्ये बुडाशी एक फिकट, मऊ, बोटभर जाडीची पट्टी होती. तिला टायोगा राख म्हणतात. पूर्वेकडच्या ज्वालामुखींची राख समुद्रात पडून तिची चिकणमाती झालेली. सतरा जणांत तिच्यावर बोट फिरवत बसलेला मी एकटाच असेन. दोन लाव्ह्यांच्या मधला लाल बोल कितीदा हाताने कुस्करलाय! इतक्या दूर, इतक्या जुन्या चिखलात आपल्या घराण्यातलं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी एक छोटं गॅमा, म्हणजे खडकातून निघणारा किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र काढलं. चुनखडकावर धरलं तर आकडा सुस्त. काळ्या शेलवर धरलं तर भराभर वर. सेंद्रिय मालाबरोबर युरेनियमही साचतं, म्हणून विहिरीत खोलीनुसार घेतलेल्या नोंदीवर, म्हणजे गॅमा लॉगवर, मार्सेलस खांबासारखा उठून दिसतो. हजारो फुटांखाली ड्रिल नेमका कुठल्या थरात आहे हे कळायला त्याचा उपयोग होतो. थराबाहेर चाललं की आकडा पडतो, मग ड्रिलचं तोंड वळवायचं. आमच्याकडेही बोअरमध्ये लॉगिंगचं यंत्र सोडायचो, पण बेसाल्टची गॅमा रेघ म्हणजे झोपलेल्या माणसाची. या प्रात्यक्षिकालाच मी एक तारा देतो.

जेवणाचं सांगून टाकतो. आरक्षणात ‘शाकाहारी’ लिहिलं होतं. पाकिटावरही तसंच लिहिलेलं होतं. आत टर्की निघाली. मदतनीस मुलगा लाजून लाल झाला, त्याने सफरचंद, चिप्सची दोन पाकिटं आणि तीनदा सॉरी दिलं. सूनबाईने पिशवीत थालीपीठं आणि लसणाची चटणी टाकली होती म्हणून निभावलं. एक थालीपीठ गाईडबाईंना दिलं. त्यांनी चटणी चाखून पाणी मागितलं आणि परत चटणी घेतली. याचा अर्धा तारा कापलाय, रागाने नव्हे, पुढच्या माणसाची सोय व्हावी म्हणून.

दुपारी बस 15 नंबरच्या रस्त्याने उत्तरेला पठारावर चढते. इथून गॅसचा मुलूख सुरू. पण गॅसची विहीर बघायला जाणाऱ्यांनी अपेक्षा जरा खाली ठेवावी. आत नेत नाहीत, फाटकाबाहेरूनच बघायचं. चारपाच एकरांचं खडी पसरलेलं सपाट मैदान, त्यावर एका ओळीत सहा हिरवट नळकांडी, थोड्या टाक्या, कुंपण. बस्स. रिग, म्हणजे खणायचं यंत्र, महिनोन्‌महिने आधीच निघून गेलेला असतो. आमच्या बसमधल्या एका आजोबांनी “एवढंच?” असं मोठ्याने विचारलं. मला ते ‘एवढंच’ फार आवडलं. एका जागेवरून सहा-आठ विहिरी खाली जातात आणि खोलवर गेल्यावर पंख्याच्या पात्यांसारख्या किंवा कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या पसरतात. मैल-दोन मैल, कधी त्याहून लांब. वर गाई चरतायत.

याची सुरुवात फार जुनी नाही. रेंज रिसोर्सेस कंपनीने वॉशिंग्टन काउंटीत खोलवरच्या दुसऱ्याच खडकासाठी रेन्झ नावाची विहीर खणली होती. तिथे मनासारखं काही मिळालं नाही. मग 2004 मध्ये टेक्ससच्या बार्नेट शेलमधलं तंत्र त्याच विहिरीत मार्सेलसवर वापरून पाहिलं आणि गॅस आला. आज पेनसिल्व्हेनिया टेक्ससखालोखाल अमेरिकेत दुसरं: 2021 पासून वर्षाला साधारण साडेसात लाख कोटी घनफूट. आणि अंदाजांची गंमत पाहा. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 2002 मध्ये मार्सेलसमधून काढता येण्यासारखा न सापडलेला गॅस सुमारे 2 लाख कोटी घनफूट धरला होता. 2011 मध्ये तोच आकडा 84 झाला, 2019 मध्ये सुमारे 97. मधे 2011 लाच सरकारच्या ऊर्जा माहिती खात्याने 410 सांगितला आणि पुढच्याच वर्षी 141 वर आणला. दगड तिथेच होता, तेवढाच होता. आमच्या गावचा पाणाड्या नारळ हातावर धरून आकडा सांगायचा तेव्हा आम्ही साहेब लोक हसायचो. आता वाटतं, जरा कमी हसायला हवं होतं. अर्थात त्यांचा आकडा बदलला तो नव्या विहिरी मोजून, पाणाड्याचा बदलायचा तो गिऱ्हाईक बघून. एवढा फरक धरावा.

आता फ्रॅकिंग, म्हणजे दाबाने पाणी मारून खडक फोडणं. बसमध्ये हा शब्द निघाला की दोन्ही बाजूंची माणसं ताठ होऊन बसतात. मला त्याची भीती वाटायचं कारण नव्हतं, कारण मी ते स्वतःच्या हाताने केलंय. आमच्याकडे हातपंपाच्या कोरड्या पडलेल्या बोअरला जलभंजन, म्हणजे हायड्रोफ्रॅक्चरिंग करायचो. बोअरमध्ये पॅकर सोडायचा, रबर फुगवून भोक बंद करायचं आणि खाली टँकरचं पाणी दाबाने मारायचं. गेजचा काटा चढत जातो, चढत जातो, गाडीचं इंजिन कण्हायला लागतं, जमलेला गाव गप्प होतो आणि एकदम काटा पडतो. पडला की समजायचं, खाली कुठला तरी सांधा उघडला, त्यातली माती निघाली. कधीकधी त्या बोअरला परत पाणी यायचं. बायका हातपंपाला हळदकुंकू लावायच्या. मी हे गाईडबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी बसचा माइक माझ्या हातात दिला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी ते सगळ्यांना सांगितलं. “एवढंच?” म्हणणाऱ्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

पण माझा एक टँकर, फार तर दोन. आणि नुसतं पाणी. इथे एका विहिरीला सुरुवातीच्या काळात 40-50 लाख गॅलन लागायचं, म्हणजे 1.9 कोटी लिटरपर्यंत, आपल्या दहा हजारी टँकरच्या जवळपास 1,900 खेपा. आडव्या विहिरी लांबल्यावर हा आकडा आणखी वाढला. त्यात उघडलेल्या फटी परत मिटू नयेत म्हणून बारीक वाळू आणि थोडी रसायनं, घर्षण कमी करायला, जंतू मारायला, नळीत क्षारांचे पापुद्रे बसू नयेत म्हणून. एकाच विहिरीत टप्प्याटप्प्याने डझनावारी वेळा हे करायचं. तंत्राचं नातं सख्खं, पण मोठेपणात घरची चूल आणि साखर कारखान्याची भट्टी एवढा फरक.

इथून पुढे माझी कुरकुर. सहल दगडाबद्दल जेवढी उदार, तेवढी पाण्याबद्दल हात आखडून. पाणी येतं कुठून, हे चांगलं सांगितलं: सस्क्वेहाना खोऱ्यातून उपसा करायला नदीखोरे आयोगाची मंजुरी लागते आणि ओढ्या-नद्यांचा प्रवाह ठरावीक पातळीखाली गेला की बऱ्याच ठिकाणी उपसा थांबवावा लागतो. ऐकून मला माणगंगेचा मे महिना आठवला आणि मी गप्प बसलो. पण परत वर आलेल्या पाण्याचं काय? ते समुद्राच्या पाण्याच्या कितीतरी पट खारट असतं, त्यात खडकातलं बेरियम, स्ट्रॉन्शियम, रेडियम उतरतं. सुरुवातीची काही वर्षं ते नगरपालिकांच्या सांडपाणी केंद्रांत जायचं, जिथे क्षार काढायची सोयच नसते. 2011 मध्ये राज्याने कंपन्यांना ते थांबवायला सांगितलं. आता बरंचसं पाणी पुढच्या विहिरीत परत वापरतात, काही शेजारच्या ओहायोत खोल विहिरींत सोडतात. हे सगळं मला आधीपासून वाचून माहीत होतं. सहलीत याला मिळाली मोजून चार मिनिटं. गॅमा यंत्राने शेलवर आकडा नाचवून दाखवता, तर त्याच युरेनियमपासून होणारं रेडियम पाण्याबरोबर वर येतं हे जोडून सांगायला काय हरकत होती?

मी डिमॉकबद्दल विचारलं. सस्क्वेहाना काउंटीतलं खेडं. 1 जानेवारी 2009 ला तिथे एका घराच्या पाण्याच्या विहिरीवरचं काँक्रीटचं झाकण साठलेल्या मिथेनच्या स्फोटाने उडालं आणि पुढे अनेक वर्षं तो वाद चालला. गाईडबाईंचं उत्तर होतं की त्या भागात पाण्यात मिथेन आधीपासूनच आहे. हे खोटं नाही. मॉन्ट्रोजजवळच्या सॉल्ट स्प्रिंग्जमध्ये पाण्यातून गॅसचे बुडबुडे वर येताना जुन्या लोकांनीही पाहिलेत. पण मी बोअरवाला. मला हजारो फुटांखालच्या फटींपेक्षा वरच्या पाचशे-हजार फुटांतल्या केसिंगची, म्हणजे भोकात बसवलेल्या नळीची काळजी जास्त. मार्सेलसच्या फटी एवढा खडक फोडून वर पिण्याच्या पाण्यापर्यंत येणं अवघड, हे मलाही पटतं. पण नळी आणि खडक यांच्यामधलं सिमेंट नीट बसलं नसेल तर मधल्या थरांतला गॅस त्या कडेने चढतो. आमच्याकडेही केसिंग आखूड घातलं की वरचं घाण पाणी बोअरमध्ये उतरतं आणि गाव म्हणतं बोअर नासली. खडकाला कोणी नावं ठेवत नाही, ठेवावीत ती केसिंग टाकणाऱ्याला. मी हे म्हणालो तेव्हा गाईडबाई थांबल्या, माइक खाली केला आणि म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे. छापील मजकुरात ते नाही.” प्रामाणिक उत्तर. म्हणून पाण्याला एक नाही, दोन तारे.

शेवटचा थांबा न्यूयॉर्कच्या सीमेजवळचा. रस्त्यालगत उंचावर थांबा आहे, खाली टायोगा धरणाचं पाणी, आजूबाजूला ऑक्टोबरचे लाल-पिवळे डोंगर. फोटोवाल्यांसाठी हीच जागा. माझ्यासाठी गंमत वेगळी. खालचा थर सीमा ओळखत नाही, तो तसाच पुढे न्यूयॉर्कमध्ये जातो. पण त्या राज्याने डिसेंबर 2014 मध्ये मोठ्या प्रमाणावरच्या फ्रॅकिंगला बंदी जाहीर केली. ज्या राज्यातल्या खेड्याचं नाव खडकाला आहे, तिथेच तो खडक हात न लावता पडून आहे. आणि फ्रेडोनियात विल्यम हार्ट यांनी 1821 मध्ये शेलमधूनच गॅस काढून दिवे लावले होते, तेही त्याच राज्यात. ती विहीर 27 फुटांची. आपली आडही याहून खोल असते.

बसमध्ये दोन शेतकरी नवरा-बायको होते. त्यांच्याकडून कळलं ते गाईडच्या माहितीपेक्षा मोलाचं. इथे जमिनीखालच्या गॅसचा मालक जमिनीचा मालकच, जर आधीच्या कोणी तो हक्क वेगळा विकून टाकला नसेल तर. कंपनी भाडेकरार करते आणि निघालेल्या मालाचा किमान आठवा हिस्सा मालकाला द्यायचा असा राज्याचा 1979 पासूनचा कायदा आहे. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे स्वतःच्या शेतातला मुरूम विकायचा तरी तहसीलदाराची रॉयल्टीची पावती लागते, आणि खाली गॅस निघाला तर तो सरकारचा. त्यांना ते अजब वाटलं, मला त्यांचं. त्यांचे पहिल्या वर्षाचे चेक मोठे होते, नंतर घसरत गेले. शेल विहिरीचा गॅस पहिल्या वर्षी जोरात येतो आणि मग भराभर पडतो. “डेअरीचे चेक कधी असे घसरले नव्हते,” काका म्हणाले, “पण चेकही इतके मोठे नव्हते.”

हा गॅस आपल्यापासून फार लांब आहे असं समजू नका. चेसापीक उपसागराच्या काठी मेरीलँडमधल्या कोव्ह पॉइंटला मार्सेलसचा गॅस थंड करून त्याचा द्रव करतात, आणि तिथली वर्षाला 23 लाख टनांची क्षमता आपल्या ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीने करार करून घेतली आहे. दाभोळच्या बंदरात 2018 च्या मार्चमध्ये गेलचा अमेरिकेतून आलेला कराराचा पहिला एलएनजी, म्हणजे द्रवरूप गॅस, उतरला तेव्हा आम्ही चिपळूणला लग्नाला होतो. तो लुइझियानाहून आला होता, मार्सेलसचा नव्हता. पण ही वाट आता वापरातली आहे. आपल्याकडे ओएनजीसीने 2011 मध्ये दुर्गापूरजवळ शेलमधून गॅस काढून दाखवला, पुढे खंबातच्या खोऱ्यातही प्रयत्न केले, पण मार्सेलससारखं काही उभं राहिलेलं नाही. गाईडबाईंना भारतातल्या शेलबद्दल कुतूहल होतं. मी सांगितलं, माझ्या जिल्ह्यात खणाल तर आधी काळा पाषाण संपवावा लागेल, आणि तो संपत नाही.

व्यवहाराच्या गोष्टी. जुने बूट घाला, शेलच्या कपच्या धारदार असतात आणि काळा डाग निघत नाही. बसमध्ये स्वच्छतागृह नाही, पण दीड-दोन तासांनी थांबतात. चढण फारशी नाही, आमची ही आली असती तरी चाललं असतं. सगळी मापं फूट-मैलांत, मीटरमध्ये विचार करणाऱ्याने डोक्यात गणित करत बसावं. छापील नकाशा उत्तम, तेवढा जपून ठेवलाय. मराठी-हिंदी काही नाही, पण गाईडबाईंचं इंग्रजी संथ आणि स्पष्ट. मूल दहा वर्षांच्या आतलं असेल तर नेऊ नका, दुपारनंतर कंटाळतं. खाणीतून मुठीएवढा एक तुकडा घरी नेऊ देतात.

तो तुकडा मी मुलाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला होता, तुळशीच्या कुंडीशेजारी. तीन आठवड्यांत त्याच्या कडांवर पांढरी-पिवळी भुकटी उमटली. पायराइट हवेत आणि ओलाव्यात गंजायला लागलं होतं. खिडकीच्या पांढऱ्या लाकडावर डाग पडला. सूनबाई म्हणाली, “बाबा, हे बाहेर ठेवू का कुंडीत, मातीवर छान दिसेल.” म्हटलं, बाहेर ठेव, पण कुंडीत नको. पाणी घातलं की त्याचं आम्ल उतरेल, तुळस जळेल.